जुलाबाच्या पोराची चिठ्ठी लिहिणाऱ्या तमाम डॉक्टरांना खुलं पत्र

डॉक्टर सर, डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पावसाळा लागला की माझ्या काउंटरवर एकच चिठ्ठी फिरून फिरून येते. दवाखाना वेगळा, अक्षर वेगळं, मजकूर तोच. पोर दीड-दोन वर्षांचं, कालपासून पातळ संडास, एक-दोन उलट्या, ताप असला तर थोडा. आणि खाली यादी: ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं अँटिबायोटिक सिरप, उलटीचं औषध, संडास बांधायच्या पुड्या, पोटातल्या चांगल्या जंतूंच्या पुड्या, कधीकधी भुकेचं टॉनिक, आणि सगळ्यात शेवटी कागदावर जागा उरली असेल तर ओआरएस, म्हणजे जलसंजीवनीचं पाकीट. झिंक, म्हणजे जस्ताचं औषध, असलं तर असलं, नसलं तर कोणी विचारत नाही.

मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवते. डी. फार्म. आहे, डॉक्टर नाही, आणि तुमच्या चिठ्ठीत ढवळाढवळ करायचा मला अधिकार नाही, हौस तर त्याहून नाही. चिठ्ठीवर जे असतं ते मी देते. पण हल्ली मी एक उद्योग सुरू केलाय आणि तो तुमच्यापैकी काहींच्या कानावर गेलाय, काहींना तो आवडलेला नाही असंही कळलं, म्हणून हे पत्र. उद्योग असा की लहान पोराच्या जुलाबाची चिठ्ठी घेऊन आई आली की औषधं देऊन झाल्यावर मी तिला सांगते, ताई, पुढच्या वेळी पोराला हगवण लागली तर दवाखान्यात गेल्यावर आधी डॉक्टरांना एवढंच विचारा, "डॉक्टर, ओआरएस आणि झिंकवर भागेल का?" बास. औषध बदला म्हणत नाही, डॉक्टर बदला तर अजिबातच म्हणत नाही.

यावर एका ठिकाणाहून निरोप आला की मेडिकलवाल्यांनी आता आम्हाला शिकवायचं का. नाही हो, शिकवायचं काहीच नाहीये, आणि गंमत तीच आहे, तुम्हाला हे सगळं माझ्याहून चांगलं माहितीये. मी हे का करते ते सांगते, मग रागवायचं तर रागवा.

२०२४ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या विज्ञानाच्या साप्ताहिकात एक अभ्यास छापून आला, आपल्याच देशातला, कर्नाटक आणि बिहारमधला. २५३ छोटी शहरं, दोन हजारांच्या वर खासगी प्रॅक्टिस करणारे आणि मेडिकलवाले. संशोधकांनी माणसं तयार केली जी बाप बनून जायची आणि म्हणायची माझ्या दोन वर्षांच्या पोराला जुलाब होतायत, औषध द्या. पोर बरोबर नाही, घरी आहे. काहीजण मोबाईलवर ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवायचे की हे द्यायचं का, काहीजण अँटिबायोटिकचा फोटो दाखवायचे, काहीजण काहीच दाखवायचे नाहीत, तुम्ही द्याल ते. काहीजण आधीच सांगून टाकायचे की औषध मी दुसरीकडून घेणार आहे, म्हणजे समोरच्याला विक्रीचा फायदा नाही. आणि त्या गावांपैकी निम्म्या गावांत ओआरएसची पाकिटं आधीच पोचवून ठेवली होती, म्हणजे माल नव्हता हे कारण कोणाला सांगता येऊ नये.

आता तुम्हीच अंदाज करा ओआरएस सगळ्यात जास्त कशाने वाढलं असेल. मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून पैसे म्हटलं असतं, काउंटरच्या या बाजूला बसून तसंच वाटतं. पण निघालं भलतंच. बापाने ओआरएसचा फोटो दाखवला की ओआरएस मिळायचं प्रमाण २७ टक्के पॉईंटने वर गेलं, म्हणजे शंभरातल्या आणखी २७ जणांना मिळालं. माल पोचवून ठेवल्याने ७ ने. आणि पैशाचा फायदा काढून घेतल्याने एकूणात फार फरक नाही. ओआरएस न देण्यामागची कारणं मोजली तर ४२ टक्के वाटा एकाच गोष्टीचा निघाला, की देणाऱ्याला वाटतं समोरच्याला ओआरएस नकोय. मालाचा तुटवडा ६ टक्के आणि पैसा ५ टक्के.

म्हणजे औषध माहितीये, पाकीट रॅकवर आहे, लिहिलं तर तोटाही फार नाही, पण समोर बसलेल्या बाईच्या मनात काय आहे हे डॉक्टरने परस्पर ठरवून टाकलंय. आणि ती बाई काय विचार करते? ती म्हणते डॉक्टर देतील ते बरोबर. दोघंही गप्प आणि मधल्यामधे पोराच्या पोटात ऑफ्लॉक्सासिन.

म्हणून मी बायकांना विचारायला सांगते. त्या फोटोवाल्या बापाने जे केलं तेच, फक्त खऱ्या आईने करायचं. जर तुमच्या सगळ्या सीएमई (डॉक्टरांची शिकवणीची शिबिरं), सगळी पोस्टरं, सगळ्या गाईडलाईन यांच्यापेक्षा एका वाक्याने जास्त फरक पडत असेल तर ते वाक्य म्हणायला काय हरकत आहे, आणि ते फुकटात आहे.

ओआरएसचा इतिहास तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण हे पत्र पोरांच्या आया पण वाचतील म्हणून थोडक्यात. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, जमिनीवर ओळीने माणसं पडलेली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवून पिंप भरून ठेवले आणि नातेवाईकांनाच पाजायला लावलं. जिथे शंभरातले तीसेक जात होते तिथे चारच्याही खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं की हा या शतकातला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. महालनबीस २०२२ साली गेले आणि पद्मविभूषण २०२३ ला जाहीर झालं, मरणोत्तर. आपल्याकडची ही जुनी पद्धत, असो.

झिंकचं तर त्याहून जवळचं. १९९५ साली दिल्लीच्या पोरांवर झालेला अभ्यास, ९३७ पोरं, 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला, झिंक दिलेल्या पोरांत जुलाब पुढे चालू राहायची शक्यता २३ टक्क्यांनी कमी निघाली. पुढे आणखी देशांत अभ्यास झाले आणि २००४ ला डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने जाहीर करून टाकलं की ओआरएसबरोबर झिंक द्या, सहा महिन्यांवरच्या पोराला रोज २० मिलिग्रॅम, खालच्याला १०, दहा ते चौदा दिवस. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय निघालं तर जुलाब झालेल्या पोरांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं आणि झिंक ३०.५ टक्क्यांना. दिल्लीच्या पोरांवर सिद्ध झालेलं औषध पंचवीस वर्षांनी देशातल्या तीनातल्या एका पोराला धड मिळत नाही. संशोधन कमी पडलं असं कोणी म्हणू नये.

मग अडतं कुठे? मला जे वाटतं ते सांगते, चूक असेल तर सांगा.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट घ्या. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी लाल विंचू चावलेले पेशंट रात्र रात्र जागून बघितले, प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी देऊन बघितली, १९८६ ला ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि कोकणात ती गोळी पोचली. पोचणारच, कारण विंचवाने घामाघूम झालेला, छातीत पाणी भरत चाललेला माणूस गोळी दिल्यावर सकाळी उठून बसतो हे डॉक्टरला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. पूर्वी माणसं जायची आणि आता वाचतात, याला पुरावा म्हणून कागद दाखवावा लागत नाही. २०११ ला त्यांनीच पुन्हा ७० पेशंटवर ट्रायल करून दाखवलं की प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर दहा तासांत बरे होणारे ९१ टक्के आणि नुसत्या प्राझोसिनवर २३ टक्के. असा फरक कोणाच्याही नजरेत भरतो.

झिंकचं तसं नाही. झिंक दिलं तर जुलाब थोडा लवकर थांबतो आणि पुढचे दोन-तीन महिने पोर पुन्हा आजारी पडायची शक्यता कमी होते. आता तुमच्या समोरचं पोर चौथ्या दिवशी बरं झालं, ते झिंक नसतं तर पाचव्या दिवशी झालं असतं, हे तुम्हाला दिसणार कसं? नाहीच दिसणार. आणि पुढच्या महिन्यात जे पोर आजारी पडलं नाही ते तर दवाखान्यात येतच नाही, त्याचं श्रेय कोण देणार. ते फक्त शेकडो पोरं मोजली तरच दिसतं, म्हणून तर ट्रायल करायच्या.

उलट अँटिबायोटिकचं बघा. लहान पोरांचे बहुतेक जुलाब व्हायरसचे, रोटा नाहीतर त्याचे भाऊबंद. पाच-सात दिवसांत आपोआप थांबणारे. आई तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येते, तुम्ही सिरप लिहिता, पाचव्या दिवशी पोर खेळायला लागतं. आई म्हणते डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, तुम्हाला वाटतं सिरप लागू पडलं, मला वाटतं माल खपला, सगळे खूश. जे काम पोराच्या शरीराने केलं त्याची पावती सिरपच्या नावावर फाटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात ते हेच, फक्त इथे कावळा रोज बसतो आणि फांदी रोज मोडते म्हणून कोणाला शंका येत नाही.

आता कोणी म्हणेल अँटिबायोटिक लागतंच नाही का, तर लागतं. संडासमधून रक्त पडत असेल, कॉलराचा संशय असेल, पोर खूप कुपोषित असेल, तिथे डॉक्टरचीच गरज आहे आणि ते तुम्हीच ठरवायचं. सलाईनही तसंच. डोळे खोल गेलेत, पोर मलूल पडलंय, पाणी तोंडात धरत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर जायला वेळ लागतोय, अशा पोराला सलाईनच पाहिजे आणि ताबडतोब. माझं बोलणं बाकीच्यांबद्दल आहे, जे आईच्या कडेवर बसून माझ्या काउंटरवरच्या चॉकलेटच्या बरणीला हात घालत असतं आणि त्याच्या चिठ्ठीवर पाच औषधं असतात.

सलाईनबद्दल तुमचं ठरलेलं वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय, "लोकांना सलाईन लावल्याशिवाय बरंच वाटत नाही हो." मोठ्या माणसांबद्दल मी वाद घालणार नाही, कापूस वेचून थकलेला माणूस ताकदीसाठी सलाईन मागतो हे खरंय. पण दीड वर्षाच्या पोराची आई? तिला विचारून बघा. शीर सापडत नाही म्हणून पोराला तीनदा टोचलं आणि ही बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली, अशा बायका मी पाहिल्यात. माझ्याकडे येऊन त्या विचारतात, "सलाईन न लावता नाही का होणार?" म्हणजे तुमचा अंदाज आणि तिची इच्छा यांची गाठच पडलेली नाही. आणि नॉर्मल सलाईनच्या बाटलीत मीठ आणि पाणी सोडून काही नसतं, ना साखर ना पोटॅशियम, आणि जुलाबात पोराचं पोटॅशियम तर जातंच. ओआरएसच्या वीस-बावीस रुपयांच्या पाकिटात ते आहे.

कोविडमध्ये हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. प्लाझ्माचा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाचा, उपयोग होतो का हे आपल्याच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर तपासलं आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'बीएमजे'त छापलं की मरण टळत नाही, आजार गंभीर व्हायचंही टळत नाही. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आपल्या सगळ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप "अर्जंट प्लाझ्मा पाहिजे" ने भरून वाहत होते. शेवटी मे महिन्यात ते सरकारी गाईडलाईनमधून काढलं. नातेवाईक पळतात म्हणून डॉक्टर लिहितात आणि डॉक्टर लिहितात म्हणून नातेवाईक पळतात, सुरुवात कोणी केली ते सापडत नाही.

बरं, आता आमच्या बाजूचं. वर म्हटलं की पैशाने एकूणात फरक पडला नाही, पण त्याच अभ्यासात मेडिकल स्टोअरवर मात्र पडला. विक्रीचा फायदा काढून घेतला की मेडिकलवाले ओआरएस जास्त सांगायला लागले. म्हणजे पैशाचं जे काही आहे ते आमच्या काउंटरवर आहे, हे मी माझ्या धंद्यातल्या लोकांसमोर म्हणते आणि त्यांना ते आवडणार नाही. जुलाब म्हणून कोणी नुसतं तोंडी सांगत आलं की दोन गोळ्या तोडून द्यायच्या, हे बंद करायला आम्हाला कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही. पैशाचा वाटा फक्त ५ टक्के हा आकडा मला अजूनही अर्धाच पटलाय खरंतर, दवाखान्याला लागूनच घरचं मेडिकल असतं तिथे काय होतं ते मी रोज बघते, पण मला पटत नाही म्हणून आकडा खोटा ठरत नाही, हेच तर मी वरती तुम्हाला सांगत होते.

दुसरी एक बारीक गोष्ट, जी दवाखान्यातून दिसत नाही आणि काउंटरवरून दिसते. ओआरएस लिहून दिलं तरी ते पाजलं कसं जातं? एक लिटरचं पाकीट असतं, त्यावर लिहिलेलं असतं, पण आई पेल्यात पाणी घेते, त्यात चमचाभर पावडर टाकते, उरलेल्या पाकिटाला रबर लावून फळीवर ठेवते. दुसऱ्या दिवशी त्याचे खडे झालेले असतात, मग खडा टाकते. मीठ-साखरेचं जे प्रमाण तोलून ठरवलंय, लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, दोन पूर्णांक सहा ग्रॅम मीठ वगैरे, त्याचा पार बोऱ्या. पातळ झालं तर उपयोग नाही आणि घट्ट झालं तर जुलाब वाढतात. ती म्हणते ओआरएस दिलं पण फरक नाही पडला, तुम्ही म्हणता बघा म्हणून मी लिहीत नव्हतो. मी आता प्रत्येक पाकिटाबरोबर सांगते की बिसलेरीची लिटरची रिकामी बाटली घ्या, धुवा, उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, आख्खं पाकीट एकदम टाका, चोवीस तासांनी उरलेलं ओता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने. दोन वर्षांखालच्या पोराला प्रत्येक संडासमागे अर्धी वाटी तरी. हे सांगायला मला एक मिनिट लागतं, तुमच्या कंपाउंडरलाही तेवढंच लागेल.

आणि टेट्रापॅकचं. ज्यूससारखं पॅक, वर मोठ्या अक्षरात ओआरएस, चव संत्र्याची, आत साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध एकट्या भांडल्या, तेव्हा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की ठरलेल्या फॉर्म्युल्याचं नसेल तर ओआरएस हा शब्द नावात वापरायचा नाही. चिठ्ठीवर नुसतं 'ओआरएस' लिहिलं की जुन्या सवयीने लोक अजून तेच गोड पाणी मागतात. तेव्हा कृपा करून 'पावडर, एक लिटरचं पाकीट' असं लिहा, मराठीत लिहा, आणि चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत लिहा. पहिल्या ओळीतलं औषध लोक कधी सोडत नाहीत. पैसे कमी पडले तर "शेवटचं राहू द्या" म्हणतात, हे मी रोज ऐकते, आणि शेवटचं कोणतं असतं ते वर सांगितलंच.

झिंक चौदा दिवस हेही तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. माझ्या सांगण्याला बाई हो म्हणते आणि संडास बांधली की चौथ्या दिवशी बाटली बाजूला ठेवते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की देते.

आता मागणं. एक म्हणजे दवाखान्यात बोर्ड लावा, पण कंपनीचं पोस्टर नको आणि सरकारचंही नको. तुमचा फोटो, तुमची सही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला असा प्रयोग झालाय, २०१४ ला छापून आलाय, डॉक्टरांनी स्वतःच्या फोटो-सहीसकट दवाखान्यात पत्र लावलं की सर्दी-खोकल्याला गरज नसताना अँटिबायोटिक देणार नाही, आणि तसं गरज नसताना लिहिणं ज्यांनी पत्र लावलं नाही त्यांच्या तुलनेत जवळजवळ २० टक्के पॉईंटने कमी झालं. छोटा प्रयोग, पाच क्लिनिक, मोठ्या माणसांचा आजार, दुसरा देश, हे मान्य. पण खर्च किती, फ्लेक्सवाल्याचे दोन-तीनशे रुपये. आणि आपल्याकडे तर डॉक्टरच्या शब्दाला त्यांच्याकडच्यापेक्षा जास्त मान आहे. असा बोर्ड असला की आईला विचारायला धीर येतो आणि तुम्हालाही "लोकांना नकोय" म्हणायला जागा राहत नाही.

दुसरं, मोजा. तालुक्याच्या डॉक्टर असोसिएशनने आणि आमच्या केमिस्ट असोसिएशनने मिळून फक्त जुलै-ऑगस्टच्या, पाच वर्षांखालच्या, जुलाबाच्या चिठ्ठ्या मोजायच्या. ओआरएस किती, झिंक किती, अँटिबायोटिक किती. नावं जाहीर करायची नाहीत, ज्याचा आकडा त्याला बंद पाकिटात. इंग्लंडमध्ये २०१४ ला सरकारी आरोग्यप्रमुखांनी जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना साधं पत्र पाठवलं की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात, तेवढ्या पत्राने लिहिणं ३.३ टक्क्यांनी उतरलं. आकडा छोटा आहे, मी फुगवून सांगत नाही. जगभरचे १४० अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही असं मोजून कळवल्याने चार-साडेचार टक्केच सुधारणा निघाली. पण आज आपल्याला आपला आकडाच माहीत नाही, मग सुधारला की बिघडला कोण सांगणार. प्रायव्हेटच्या चिठ्ठीचा हिशेब कुठेच नाही, तो फक्त माझ्यासारख्यांच्या काउंटरवरून रोज जातो आणि रद्दीत जातो.

आरोग्य खात्याला पण याच पत्रात दोन ओळी, वेगळं पत्र लिहीत नाही. दरवर्षी पावसाळ्यात तुमचं अतिसाराचं अभियान असतं, आशाताई दारोदार ओआरएसची पाकिटं देतात, आरोग्य केंद्रात ओआरएस-झिंक कॉर्नर मांडता, चांगलंच आहे. पण पोर आजारी पडलं की पुष्कळ लोक आधी प्रायव्हेटला जातात, बीएएमएस, बीएचएमएस, जो जवळ असेल तो, आणि त्या डॉक्टरला अभियानात कोणी बोलावत नाही. त्याला बोलवा. लेक्चर देऊ नका, लेक्चर त्याने ऐकलेलंय. फक्त तो अभ्यास दाखवा आणि विचारा की तुमच्या पेशंटला काय पाहिजे हे तुम्ही शेवटचं कधी विचारलंत. आणि आशाताईंना पाकिटाबरोबर ते एक वाक्य पण द्या आईला शिकवायला. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंगांचं घरोघर नवजात बाळाच्या काळजीचं काम १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये आलं, ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि देशभर आशांमार्फत तो कार्यक्रम सुरू व्हायला २०११ उजाडलं. एका वाक्याला तरी बारा वर्षं लावू नका.

तर डॉक्टर, उद्या एखादी बाई पोर कडेवर घेऊन तुमच्यासमोर बसली आणि घाबरत म्हणाली की ओआरएस आणि झिंकवर भागेल का, तर कोणी शिकवून पाठवलं म्हणून चिडू नका. मीच शिकवलंय. भागत असेल तर हो म्हणा आणि पहिल्या ओळीत लिहा. भागत नसेल तर का नाही ते तिला दोन वाक्यांत सांगा, ती ऐकेल, तिने विचारलंय म्हणजेच तिला ऐकायचंय. तुमची दहा औषधं कमी झाली तर माझा गल्लाही तेवढा कमी होणार आहे, हिशेब मला कळतो.

चिठ्ठ्या मोजायच्या ठरल्या तर आमच्या दुकानाची वही मी भरायला तयार आहे, इतर दोन-तीन दुकानदारांशी बोलणंही झालंय.

कळावे, लोभ आहे तो राहू द्यावा.

आपली,
एक मेडिकलवाली

ता. क. यंदा झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मी जास्त मागवून ठेवल्यात, सिरपपेक्षा स्वस्त पडतात आणि चमच्यात थोडं पाणी घेऊन सहज विरघळतात. गेल्या वर्षीच्या कोणी न लिहिल्यामुळे एक्स्पायरीत परत पाठवाव्या लागल्या होत्या.